नको असलेली पगारवाढ

निवृत्त झाल्यावर मी लंडनच्या पिनर भागातल्या राहत्या घराच्या गॅरेजमध्ये एक लहान प्रकाशन सुरू केले. त्याआधी मी कौन्सिलच्या ड्रेनेज खात्यात अभियंता होतो. पुस्तके काढण्याचा अनुभव मला नव्हता. नोकरीला लागलो तेव्हा गटारांचाही नव्हता.

आम्ही रविवारच्या मराठी शाळांसाठी वाचनपुस्तके काढत असू. इथे जन्मलेली मुले आठवडाभर इंग्रजीत बोलत आणि रविवारी सकाळी मराठीत गप्प बसत. त्यांना बोलते करील असे पुस्तक हवे होते. पहिली दोन पुस्तके मी स्वतः लिहिली. मुले गप्पच राहिली. लिहिता येणारा माणूस आणावा, असे माझ्या पत्नीने सुचवले. तिचे म्हणणे मला बोचले, पण त्यात चूक काढता येईना. पुण्याहून एक लेखक वर्क परमिटवर आणले.

लेखक चाळिशीतले, अंगाने बारीक आणि वागण्यात अतिशय सभ्य होते. सोबत पत्नी आणि शाळकरी मुलगी. मला ते सर म्हणत आणि माझ्या पत्नीला काकू. त्यांच्या धड्यांत एक बदक होते. ते शाळेसमोर मुलांना रस्ता पार करून देणाऱ्या बाईंशी हुज्जत घालीत असे. मला ते बदक उद्धट वाटे. परंतु पुढे काय झाले हे कळावे म्हणून मुले मराठी वाचू लागली, पुस्तके खपू लागली, तेव्हा बदक ठेवले.

प्रत्येक पुस्तकातला शेवटचा धडा मात्र माझा असे. ‘पावसाचे पाणी कुठे जाते’, ‘मॅनहोलचे झाकण गोल का असते’, ‘उतार’, अशी त्यांची शीर्षके होती. छापण्यापूर्वी धडा लेखकांना वाचायला देत असे. ते तो दोन्ही हातांनी परत करीत आणि म्हणत, “छान आहे, सर.” पाच वर्षे हेच चालले.

दोन हजारच्या दशकाच्या अखेरीस व्हिसाची पद्धत बदलली. अर्जदाराला गुण देण्याची पद्धत आली. परदेशी माणूस ठेवायचा तर आधी मालकाने स्वतः परवाना घ्यायचा. आणि ज्या कामासाठी माणूस ठेवला त्या कामाला या देशात जो दर चालतो, त्याहून कमी पगार द्यायचा नाही. बाहेरचा माणूस स्वस्तात राबवून इथल्यांचे पोट मारू नये, हा त्यामागचा हेतू. नियम मला योग्य वाटला. सरकारने प्रत्येक धंद्याचा किमान दर छापला होता आणि त्यात लेखकाचाही होता. लेखकाला दर असतो हे मी प्रथमच पाहिले. आपल्याकडे लेखकाला शाल आणि नारळ देतात आणि त्याने भाषणात ते फार झाले असे म्हणायचे असते.

आमच्या लेखकांचा पगार पाच वर्षांपूर्वी ठरला तोच होता. त्यांनी वाढ मागितली नव्हती आणि मी न मागता देत नसे. छापील दराच्या तो बराच खाली राहिला होता. लेखकांच्या परमिटची मुदत वसंतात संपत होती. ती वाढली नाही तर कुटुंबाने परत जायचे, आणि मुलीची जीसीएसईची, म्हणजे इथली दहावीची, परीक्षा त्यानंतर लगेच होती. त्या वयात शाळा आणि अभ्यासक्रम दोन्ही बदलणे म्हणजे तिची वर्षे वाया जाणार. एवढे स्पष्ट असल्यामुळे मला वाटले, पगारवाढीचा विषय एका वाक्यात आटपेल. मी लेखकांना चहाला बोलावले.

“या महिन्यापासून तुम्हाला वाढ आहे,” मी म्हणालो.

“कशाची, सर?”

“पगाराची.”

“मी मागितली का?”

“नाही.”

“मग काकू काही बोलल्या असतील.”

“नाही. सरकार बोलले आहे.” मी आकडा सांगितला.

“सरकारचा काहीतरी गैरसमज झाला असेल, सर. माझे व्यवस्थित भागते.”

“तुमचे भागते का, हा प्रश्न नाही. तेवढा पगार नसेल तर व्हिसा नाही.”

त्यांनी विचार केला. “निम्मी वाढ घेतो.”

“निम्मी चालत नाही.”

“मग पाऊण. तुमच्या शब्दाखातर.”

“ही मंडई नाही.”

“तेच म्हणतो मी, सर. उगाच भाव चढवू नका.”

नोकर पगार खाली ओढतो आहे आणि मालक वर ओढतो आहे, अशी वाटाघाट मी कौन्सिलच्या संपूर्ण नोकरीत पाहिली नव्हती. अखेर त्यांनी विचारले, “पण हे पैसे येणार कुठून?”

“माझ्या पगारातून.” संपादक म्हणून मी लहानसा पगार घेत असे. त्यातला बहुतेक भाग लेखकांकडे वळवला की हिशेब बसत होता. मला पेन्शन होते.

लेखकांनी कप खाली ठेवला. “म्हणजे माझा पगार तुमच्यापेक्षा जास्त?”

“बराच.”

“ते कसे दिसेल, सर?”

“कोणाला दिसणार आहे?”

“मला,” ते म्हणाले. मग त्यांनी खुलासा केला. “माझे वडील एका साहेबांच्या हाताखाली होते. साहेबांची छत्री लहान होती, म्हणून वडिलांनी त्याहून लहान घेतली. जन्मभर तीच वापरली.”

“मग?”

“न्यूमोनिया झाला. पण साहेब स्वतः भेटायला आले होते.”

मी त्यांना मुलीच्या परीक्षेची आठवण करून दिली. तेव्हा ते मुकाट्याने हो म्हणाले. विषय संपला असे मी समजलो.

महिनाअखेरीस वाढीव पगार त्यांच्या बँकेत गेला. दुसऱ्या दिवशी ते आहेराचे पाकीट घेऊन आले. वर गणपतीचे चित्र, कोपऱ्यात रुपयाचे नाणे चिकटवलेले. अशी पाकिटे त्यांनी पुण्याहून गठ्ठ्याने आणलेली होती. निमित्त आमच्या लग्नाच्या वाढदिवसाचे होते. आत वाढीची सगळी रक्कम होती आणि वर एक पौंड.

मी पाकीट परत केले. त्यांनी हात मागे घेतले. “दिलेला आहेर परत घेत नाहीत, सर.”

ते खरे होते. पत्नीने पाकीट फडताळात ठेवले आणि त्यांच्या पत्नीला एक साडी पाठवली. आहेर आला की परतीचा आहेर गेलाच पाहिजे.

पुढच्या महिन्यात पत्नीच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याबद्दल पाकीट आले. आमच्याकडून राइस कुकर गेला. त्यापुढच्या महिन्यात निमित्त मिळेना, तेव्हा आमची मोटार एमओटीच्या वार्षिक तपासणीत पास झाल्याबद्दल पाकीट आले. मोटारीला आहेर करणारा मनुष्य मी दुसरा पाहिलेला नाही. त्या बदल्यात पत्नीने इडलीपात्र पाठवले.

“अहो, हे थांबवा,” ती मला म्हणाली. “माझी भांडी संपत आली.”

मी लेखकांना सक्त ताकीद दिली. त्यांनी ती खाली मान घालून ऐकून घेतली आणि जाताना विचारले, “घराला रंग कधी देणार आहात, सर?”

अशा अवस्थेत परवान्याची तपासणी आली. परवाना देण्यापूर्वी सरकारी अधिकारी जागा पाहून जात. आमच्याकडे एक मध्यमवयीन बाई आल्या. मूळच्या एडिनबराच्या, असे त्यांनीच सांगितले. बोलणे सौम्य, नजर बारीक. त्यांनी गॅरेज पाहिले, पुस्तकांचे गठ्ठे पाहिले, बदकाचे चित्र पाहून किंचित हसल्या. मॅनहोलच्या आकृतीवर त्या हसल्या नाहीत.

“तुमचे लेखक दिवसभर नेमके काय करतात?” त्यांनी विचारले.

“लिहितात.”

“आता कुठे आहेत?”

खिडकीतून लेखक दिसत होते. ते बागेत शेडभोवती फेऱ्या मारीत होते आणि मधूनच बदकासारखी मान पुढे काढून पाहत होते.

“लिहीत आहेत,” मी म्हणालो.

बाईंनी ते टिपून घेतले. पगाराच्या पावत्या आणि बँकेचे उतारे तपासले. सर्व छापील दराप्रमाणे होते. त्यांनी फाइल मिटली, कोट हातात घेतला. त्याच वेळी लेखक आत आले आणि दोन्ही हातांत पाकीट धरून पुढे झाले. आदल्या दिवशी पगार झाला होता आणि सकाळी आमच्या अंगणाचे नवे फाटक बसले होते.

बाई एक पाऊल मागे सरल्या. “मला काहीही स्वीकारता येत नाही,” त्या म्हणाल्या.

“नाही, नाही, मॅडम,” लेखक अदबीने म्हणाले, “हे तुमच्यासाठी नाही. सरांसाठी आहे. माझ्या पगारातून.”

बाईंनी कोट पुन्हा खुर्चीवर ठेवला.

पुढचा तासभर मी आहेर म्हणजे काय हे समजावून सांगितले. मी अनेक चौकशी समित्यांपुढे तुंबलेल्या वाहिन्यांची कारणे दिलेली आहेत. हे त्याहून अवघड होते. बाई शांतपणे ऐकत होत्या. रक्कम किती, असे त्यांनी विचारले. वाढीएवढी, मी सांगितले. नेमकी तेवढीच? एक पौंड जास्त. तो कशासाठी? शुभ असतो.

“म्हणजे ते तुम्हाला नफ्यात ठेवतात,” बाई म्हणाल्या.

तेव्हा पत्नी आतून आली आणि तिने राइस कुकरपासून सुरुवात करून आपली बाजू मांडली. बाईंनी इडलीपात्र म्हणजे काय ते विचारले. पत्नीने उरलेले एक आणून दाखवले. त्याचा परिणाम चांगला झाला असे मला वाटले, पण बाईंचे म्हणणे बदलले नाही. त्यांना फसवणूक दिसत नव्हती, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. परंतु पगार माणसाच्या हातात पडून त्याच्याकडेच राहिला पाहिजे. तो मालकाकडे परत येत असेल, मग तो गणपतीचे चित्र लावून का येईना, तर किमान पगाराला अर्थ नाही. हे पुन्हा होणार नाही याची खात्री पटेल अशी व्यवस्था करा, महिनाअखेरपर्यंत लेखी कळवा. नाहीतर परवान्याची शिफारस करता येणार नाही. त्या बरोबर बोलत होत्या.

त्या गेल्यावर मी लेखकांना विचारले, “तुमच्या लक्षात येते आहे का, काय होईल ते?”

“येते, सर.” त्यांचा चेहरा उतरला होता. “पण तुमचा पगार कापून माझ्या घरात टीव्ही मोठा झाला, तर मला तो बघवेल का?”

“टीव्ही घेऊ नका.”

“मग पैसे कशाला देता?”

त्या संध्याकाळी त्यांची मुलगी दारात उभी राहिली. शाळेच्या गणवेशातच होती.

“आजोबा, मला इथेच एक्झाम द्यायचाय,” ती म्हणाली. “तुम्ही बाबाला थोडं रूड व्हायला शिकवाल का, प्लीज? मी ट्राय केला. त्याला येतच नाही.”

मी प्रयत्न करतो म्हणालो. ती थँक्यू म्हणाली आणि बस गाठायला पळाली. मी नवे फाटक लावून घेतले.

जेवताना मी पत्नीला सगळी अडचण क्रमाने सांगितली. तिने भाकरी वाढली.

“अहो, त्यांची अडचण पगाराची नाहीच,” ती म्हणाली. “साहेबापेक्षा जास्त घ्यायचे नाही, एवढीच आहे.”

“मग?”

“मग तुम्ही साहेब राहू नका.”

मी भाकरी मोडायचा थांबलो.

“त्यांना वर करा. तुम्ही खाली या. हाताखालच्या माणसापेक्षा पगार जास्त असायला कोणाची हरकत असते?”

“आणि मालक कोण?”

“मी. मालकिणीला पगार नसतो, नफा असतो. झाला की घेईन. आजवर काही दिसलेला नाही.”

दुसऱ्या दिवशी तिने हा प्रस्ताव लेखकांपुढे ठेवला. ते उठून उभे राहिले. “काकू, सरांना मी हाताखाली कसे घेऊ?”

“घ्या. सवय होते. मी लग्न झाल्यापासून घेते आहे.”

“सर, तुम्हाला हे चालेल?”

मी विचार केला. माझ्या वयाला बढती मिळण्याची शक्यता नव्हती. निदान बदली तरी होत होती. “चालेल,” मी म्हणालो.

कंपनी पत्नीच्या नावावर झाली. लेखकांचे पद लेखक हेच राहिले. व्हिसाला तेच हवे होते. बदलले ते माझे. मी लेखकाचा सहायक झालो. टेबलेही बदलली, कारण पत्नीच्या मते नुसत्या कागदावर त्यांचा विश्वास बसणार नव्हता. माझे खिडकीजवळचे त्यांच्याकडे गेले, त्यांचे बॉयलरजवळचे माझ्याकडे आले. कोणाच्या हाताखाली कोण, हे दाखवणारी आकृती मी स्वतः काढून बाईंना पाठवली. रेषा सरळ होत्या. सर्वांत वर पत्नी, तिच्याखाली लेखक, तळाशी मी. पाणी जसे उतारावर जाते तशी ती रचना होती आणि व्यावसायिक दृष्ट्या मला ती निर्दोष वाटली.

बाईंचे उत्तर आले. व्यवस्था त्यांना पटली होती. एकच शंका होती. मालकाला किमान वेतनाचा कायदा लागू नव्हता, परंतु आता मी नोकर होतो. मला उरलेल्या पगारात पूर्ण वेळ राबवून घेणे बेकायदेशीर ठरत होते.

लेखकांनी ते पत्र गंभीरपणे वाचले. भागाकार केला. “सर,” ते म्हणाले, “तुम्हाला आठवड्यातून तीनच सकाळी येता येईल. बारापर्यंत.”

“मी इथेच राहतो.”

“गॅरेजमध्ये येऊ नका.”

पहिल्या आठवड्यात मी आत आलो की ते उभे राहत. दुसऱ्या आठवड्यात अर्धे उठत. तिसऱ्यात बसल्या बसल्या म्हणाले, “या.” पाकीट आले नाही. बाराला ते घड्याळाकडे पाहत आणि म्हणत, “सर, तुमचे तास संपले. मला अडचणीत आणू नका.” एकदा मी प्रुफाचे शेवटचे पान पुरे करीत होतो, तर त्यांनी दिवा बंद केला. मी स्वयंपाकघरात जाऊन बसलो. पत्नी हसली.

परवाना आला. वसंताच्या तोंडाशी आम्ही दोघे लेखकांच्या व्हिसासाठी क्रॉयडनच्या सरकारी कचेरीत गेलो. माझी गरज नव्हती. पण तो माझ्या तासांचा दिवस होता आणि लेखकांनी सोबत या असे सांगितले. मी कौन्सिलच्या काळातला टाय बांधला. खिडकीमागच्या तरुणाने कागद पाहिले आणि सहज विचारले, “तुमचा पगार किती?”

 पाच वर्षांत लेखकांच्या तोंडून त्यांच्या पगाराचा आकडा मी ऐकला नव्हता. पगाराचा विषय निघाला की ते खिडकीबाहेर पाहत.

लेखकांनी आकडा सांगितला. आवाज स्पष्ट होता. मग माझ्याकडे वळून बोट दाखवले. “हे माझे सहायक,” ते म्हणाले. “यांचा कमी आहे.”

तरुणाने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले.

दुपारी पासपोर्ट हातात आला. लेखकांनी तो उघडला, मिटला, पुन्हा उघडला. मग मुलीला फोन केला. “झालं,” एवढेच म्हणाले. पलीकडून काय आले ते मला ऐकू गेले नाही, पण त्यांनी फोन कानापासून लांब धरला होता.

परतीच्या ट्रेनमध्ये आम्ही समोरासमोर बसलो. गाडी सुटल्यावर त्यांनी बॅगेतून काही पाने काढून माझ्यापुढे ठेवली. नव्या पुस्तकासाठी मी दिलेला शेवटचा धडा होता, ‘आपले सांडपाणी’. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत लाल शाई होती.

“हा घेता येणार नाही, सर,” ते म्हणाले.

“का?”

“चांगला नाही. मुलांना सांडपाण्यात रस नाही. तुम्ही सांगता तसे तर मुळीच नाही.”

मी पाने चाळली. एका परिच्छेदाच्या समासात फक्त ‘अरेरे’ लिहिले होते.

“आधीचे धडे?”

“तेही नव्हते.”

“पाच वर्षे छान म्हणत होता.”

“तेव्हा तुम्ही साहेब होता,” लेखक म्हणाले. “आणि पगारही कमी होता, सर. तेवढ्यात खरे बोलणे बसत नव्हते.”

खिडकीतून घरांच्या मागच्या बागा जात होत्या. सरकारचा छापील दर मी पुन्हा आठवून पाहिला. त्या कामासाठी तो योग्य होता.

“एखादा मॅनहोल ठेवा,” ते म्हणाले. “त्यात बदक पडू दे. ते पाणी कुठे जाते ते विचारील. तुम्ही उत्तर द्या. थोडक्यात.”

“बदक उद्धटपणे विचारील.”

“विचारीलच.”

मी घड्याळ पाहिले. बारा केव्हाच वाजून गेले होते. माझे तास संपले आहेत, असे मी त्यांच्या निदर्शनास आणले.

“आज ओव्हरटाइम धरू,” साहेब म्हणाले आणि खिशातून पेन काढून माझ्यापुढे केले. लाल त्यांनी स्वतःकडे ठेवले होते. मला निळे दिले.